पुलाच्या चढावरचा दगड

मोरीतल्या जाळीवर उपडा ठेवलेला पेला घसरला आणि टणटणत पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. एरवी आत्या, माझ्या सासूबाई, म्हणाल्या असत्या, "कुणी ठेवला गं असा?" आज त्यांनी तो उचललाही नाही. कोर्टाचं पाकीट फोडून पाऊण तास झाला होता आणि तेवढ्या वेळात घरात झालेला तो पहिलाच आवाज. मांडीवर झोपलेली इरा दचकली, डोळे न उघडताच माझा पदर चाचपला आणि पुन्हा झोपली.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कागद दोनदा वाचला होता. तिसऱ्यांदा वाचायला त्यांनी चष्मा पुसला.

कागदात लिहिलं होतं ते एवढंच. गेल्या जानेवारीत निमगाव केतकीच्या अलीकडं, कालव्याच्या पुलाच्या चढावर, आमच्या उसाच्या ट्रॉलीच्या चाकाला लावलेला दगड रस्त्यातच राहिला. तासाभरानं, दिवेलागणीला, इंदापूरच्या मंदाकिनीबाईंची स्कूटी त्याच्यावर गेली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. बाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, सुई धरणारा हात गेला. म्हणून बारामतीच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा. जाबदार नंबर एक रविराज, माझा नवरा. नंबर दोन, ट्रॅक्टरची विमा कंपनी.

"दगडावर काय आपलं नाव कोरलंय व्हय?" आबा शेवटी म्हणाले. "पोलिसांनी पंचनामा केला तवा दगुड हुता का तितं? न्हवता. कुणीतरी कालव्यात ढकलला. मग? दगुडच न्हाय तर केस कशाची?"

"ट्रॅक्टर थांबला होता एवढं चहावाल्या महिपतीनं सांगितलंय," रविराज म्हणाले. "ते मी पण कबूल केलंय. पण दगड लावला न्हाय, असं लिहून दिलंय मी पोलिसांना."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. फरशीकडं पाहिलं. दगड लावला होता, आणि तो कुणी लावला होता, हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं.

त्या दिवशी मला माहेरी, सांगवीला जायचं होतं. पुढच्या फाट्यावर भाऊ मोटारसायकल घेऊन येणार होता, तिथवर मी ट्रॅक्टरवरच बसले. बसू नये, हे माहीत असून बसले. आमच्याकडं सगळ्याच बसतात. तीन वर्षांची इरा मांडीवर, मागं दोन ट्रॉल्या खच्चून भरलेल्या. पुलाच्या चढावर दोन ट्रॉल्या जोडणारी मधली पिन सटकायला आली आणि रविराज ओरडले, "स्वरूपा, उतर! मागच्या चाकाला दगड लाव!"

इराला कडेवर घेऊनच मी उतरले. कडेचा एक चांगला पाटीएवढा दगड एका हातानं लोटत लोटत चाकामागं घातला. रविराजनी पिन ठोकून बसवली. तेवढ्यात इराच्या पायाला मुंगळा चावला. ती अशी किंचाळली की मी तिचा पाय हातात धरून फुंकर घालतच वर चढले. ट्रॅक्टर निघाला. दगड तिथंच.

आणि एक गोष्ट तर मी रविराजनाही सांगितली नव्हती. माहेरी पोचल्या पोचल्या, अजून उजेड असतानाच, आईनं ताट वाढलं, पहिला घास तोंडात घातला आणि मला दगड आठवला. स्पष्ट आठवला. मी भावाला म्हणू शकले असते, गाडी काढ, जाऊन येऊ. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. मी मनात म्हटलं, काढेल कुणीतरी. आणि आमटी वाढून घेतली.

बारामतीला कोर्टासमोर आप्पासाहेब वकिलांचं ऑफिस आहे. त्यांनी सगळे कागद चाळले, आबांना पाणी विचारलं, मला विचारलं नाही, आणि आबांकडं बघून हात चोळले.

"घाबरायचं काम नाही, सर्जेराव. अपघाताच्या दाव्यात बचावाच्या तीन भिंती असतात. पहिली, दगड आमचा नव्हताच. ती पडली तर दुसरी. दगड असेल, पण तासाभरात तिथनं दीडशे गाड्या गेल्या, त्यातलं कुणी पडलं नाही, बाईच कशा पडल्या? आणि तीही पडली तर तिसरी. निम्मी चूक बाईंची. हेल्मेट नव्हतं, वेग जास्त होता, लक्ष नव्हतं. काहीतरी निघतंच. पण आपल्याला दुसरीपर्यंत जायचीच गरज नाही. दगड कुणी बघितलाय? फक्त त्या बाईंनी. आपण नाकारायचं."

"असं बोला," आबा म्हणाले. पाकीट आल्यापासून पहिल्यांदाच ते खुर्चीला टेकून बसले.

मी विचारलं, "आणि दगड आपलाच असला तर?"

वकिलांनी माझ्याकडं पाहिलं, मग आबांकडं. "सूनबाई शिकलेल्या दिसतात."

"बी.ए. झाल्यात."

"तरीच." पेन खाली ठेवून ते जरा सरळ झाले. "विचारलंय तर ऐका. आपण दगड नाकारला की विमा कंपनी पण सुटते. बाईंनी मनगट कुठं मोडून घेतलं ते त्यांचं त्या बघतील. आपण कबूल केलं, तर कंपनी म्हणणार, ट्रॅक्टर तिथं होताच कुठं, तो कारखान्याच्या रांगेत उभा होता, त्याच्यानं अपघात झालाच नाही. त्यावर मी म्हणायचं, दगड ट्रॅक्टरसाठीच लावलेला, म्हणजे ट्रॅक्टर वापरण्याचाच तो भाग. कोर्टानं मानलं तर कंपनी भरेल. नाही मानलं, तर तुमच्या अंगावर. शिवाय पोलिसांत दुखापतीची केस आहेच. रविराज खोटं बोलला हे कागदावर येईल. आणि दगड लावणारं माणूस दुसरंच असेल, तर आरोपी म्हणून त्याचं नाव येईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाईमाणूस असलं तरी."

त्यांनी ओळखलं होतं. वकील होते, ओळखणारच. मी इराला जवळ ओढलं. ती टेबलावरच्या टाचण्या रांगेत लावत होती.

महिनाभर मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, गप्प बसणं सोपं होतं. सकाळी डबे, दुपारी गोठा, संध्याकाळी इराचा अभ्यास म्हणजे रेघोट्या. दिवस निघून जायचा. फक्त जेवताना पहिला घास अडकायचा.

मग इराला ताप आला. तीन दिवस उतरेना तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. आम्ही नेहमी जातो तो दवाखाना बारामतीला. मी इंदापूरची एसटी धरली. मुद्दामच. लॅबचा पत्ता कोर्टाच्या कागदात होता.

लॅबमध्ये टेबलामागं एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, डाव्या हातानं सावकाश एकेक अक्षर काढत नावं लिहीत होत्या. उजवा हात टेबलावर पालथा ठेवलेला, आपला नसल्यासारखा.

"पेशंटचं नाव?"

मी सांगितलं. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. पेन थांबलं.

"म्हणजे तुम्ही त्या ट्रॅक्टरवाल्यांच्या..."

"व्हय. सून."

मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून?" आणि लिहायला लागल्या.

सुई घेऊन एक नवीन मुलगी आली. तिनं इराचा दंड बांधला, टोचलं, शीर चुकली. पुन्हा टोचलं, पुन्हा चुकली. इरानं घर डोक्यावर घ्यावं तशी लॅब घेतली. मंदाकिनीबाई उठल्या. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी इराच्या कोपरापाशी ठेवली, डोळे मिटले. "इथं," त्या मुलीला म्हणाल्या. "वरवर दिसते तिच्या नादी लागू नकोस. इथं खाली आहे खरी." मग इराला म्हणाल्या, "तुझ्या घरी म्हशी किती? मोज बघू नावं घेऊन." इरा तिसऱ्या म्हशीचं नाव घेईतो नळी भरली होती.

"बोटांना सापडते अजून," हाताकडं बघत त्या म्हणाल्या. "सुई तेवढी धरवत नाही."

मला तिथनं निघायला हवं होतं. पिशवीचे बंद उगाच नीट करत राहिले. मग मंदाकिनीबाईच हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? कोर्टात नका सांगू, मला सांगा. दगड होता ना?"

मी इराच्या कोपरावरचा कापूस दाबून धरला.

"माझा नवरा म्हणतो, मोबाईल बघत असशील. जाऊबाई म्हणतात, वय झालं आता, गाडी सोडा. पोलीस म्हणतात, दगड नव्हताच. अहो, एकवीस वर्षं गाडी चालवते मी. काटा पस्तीसच्या वर कधी जाऊ दिला नाही. भावानं दावा लावला तो पैशासाठी असेल. मला मात्र रोज सकाळी उठलं की वाटतं, नसेलच दगड. मीच पडले असेन. हात मोडला त्याचं एवढं नाही हो, स्वतःचाच भरवसा वाटेना झालाय."

"होता," मी म्हटलं. "मी ठेवला होता. काढायचा राहिला. नंतर आठवला, तरी मी काढला नाही."

मला वाटलं रागावतील, रडतील. त्यांनी नुसता श्वास सोडला, लांबलचक, जसा डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर सुटतो तसा. मग टेबलावरची पावती माझ्याकडं सरकवली.

"मुलीला पाणी भरपूर पाजा. रिपोर्ट चारला मिळेल."

घरी येऊन मी सांगितलं. जेवणं झाल्यावर नाही, आल्या आल्या, चप्पल पायात असतानाच.

रविराज ताडकन उठले. "मी पोलिसांपुढं खोटं बोललो ते कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मला ठाऊक हाय."

"मग?"

"मग मला आता घास गिळत न्हाय. त्याचं काय करू?"

आबा म्हणाले, "तू आरोपी हुशील पोरी. लेकरू बारकं हाय. त्या बाईचा हात काय आता बरा हुणार हाय का?"

तेव्हा आत्या, ज्या पाकीट आल्यापासून त्या विषयावर एक शब्द बोलल्या नव्हत्या, शेंगा फोडता फोडता आबांना म्हणाल्या, "तुमचा बाप असता तर दारात घेतलं नसतं तुमास्नी."

"का? आता मी काय केलं?"

"बैलगाड्या हुत्या तवा याच चढाला मी दगुड लावलेत. पोटात हा रविराज हुता तवा बी लावलेत. गाडी वर पोचली की मामंजी म्हणायचे, द्वारके, माघारी जा आन् दगुड कडंला टाक. लावणाऱ्यानंच काढायचा. एकदा मी तशीच आले, तर अर्धा मैल चालत लावलं मला. आन् तुमी गाडीवर बसून हसत हुता."

आबांनी चष्मा काढला. "तवा मी न्हान हुतो."

"चोवीस वर्साचं हुता. न्हान!"

रविराजना हसू आलं. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबाच फोनवर वकिलांना सांगत होते, "न्हाय, न्हाय, नाकारायचं न्हाय. सून साक्ष देणार हाय. व्हय, कळतंय मला. तुमी फकस्त तुमची ती ट्रॅक्टरच्या वापराची बाजू नीट मांडा."

साक्षीच्या दिवशी मी आदल्या दिवाळीची निळी साडी नेसले. पिंजरा लाकडी असतो असं मला वाटायचं, तो नुसता कठडा होता. आधी मंदाकिनीबाईंची साक्ष झाली होती, त्या मागच्या बाकावर भावाशेजारी बसल्या होत्या. विमा कंपनीचे वकील तरुण होते, आवाज गोड.

"ताई, तासाभरात तिथून कितीतरी वाहनं गेली असतील?"

"गेली असतील."

"त्यातलं कुणी पडलं नाही."

"तेवढं त्यांचं नशीब."

"म्हणजे नीट बघून चालवणाऱ्याला दगड दिसत होता."

"साहेब, दगड काळा. रस्ता काळा. तिन्हीसांजेची वेळ. मी ठेवलेला दगड मलाच दिसला नसता."

"तुम्ही शेतात काम करता, तुम्हाला वेगाचा अंदाज कसा..."

"मी वेगाचं काही बोललेच न्हाय. मी तिथं नव्हते. दगड होता, एवढंच सांगायला आलेय."

त्यांनी कागद उलटला. "दगड हातानं ठेवला. हातानं काढायचा होता. मग यात ट्रॅक्टरचा संबंध काय? घरातली कुंडी कुणी रस्त्यात ठेवली, तर त्याला विमा कंपनी जबाबदार?"

या प्रश्नाची आप्पासाहेबांनी मला तयारी करून दिली होती, पण तयार केलेलं सगळं मी विसरले. "कुंडी हौसेनं ठेवतात," मी म्हटलं. "दगड मी हौसेनं नाही ठेवला. ट्रॉली मागं जाऊ नये म्हणून ठेवला. ट्रॅक्टर नसता तर मी त्या दगडाकडं बघितलं पण नसतं."

न्यायाधीश मॅडम लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली. "हे सगळं असं सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नाही मॅडम. उलट न सांगायलाच सांगितलं होतं."

मागं कुणीतरी हसलं. आप्पासाहेबांनी फायलीत असं काही डोकं घातलं की जणू तिथंच राहायला जाणार होते.

मग पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांचं लिहिण्यासारखं काही नाही. फोन वाजला की आम्ही सगळे एकमेकांकडं बघायचो. पोलिसांनी माझा जबाब नव्यानं घेतला आणि माझं नाव रविराजांच्या नावाखाली चढलं. इराला मला सोडून एक दिवस कुठं राहायची सवय नव्हती, म्हणून मी तिला मुद्दाम आत्यांजवळ झोपवायला लागले. काही झालंच तर.

काही झालं नाही. आधी लोकअदालत आली. अशी दुखापतीची केस जखमी माणसाच्या संमतीनं मिटू शकते, पण संमती द्यायला त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती. मंदाकिनीबाई एकट्याच आल्या, भावाला न आणता. डाव्या हातानं सही करायला त्यांना बराच वेळ लागला. मी कागदाचं टोक धरून उभी होते, तो हलू नये म्हणून. "घट्ट धरा," त्या म्हणाल्या, "वाऱ्यानं माझं अक्षर अजून बिघडतं." एवढंच बोलल्या.

आणि काल दाव्याचा निकाल लागला. आम्ही चौघंही गेलो होतो, आत्या तेवढ्या म्हशींसाठी घरी. इंग्रजीतलं मला अर्धं कळलं, बाकीचं आप्पासाहेबांनी बाहेर व्हरांड्यात सांगितलं. दगड ट्रॅक्टर थांबवण्यासाठी लावला होता, म्हणून अपघात ट्रॅक्टरच्या वापरातूनच झाला. भरपाई विमा कंपनीनं द्यायची. आणि अर्जदार बाईंची काहीही चूक सिद्ध झालेली नाही.

"तिन्ही भिंती पाडल्या सूनबाईंनी," आप्पासाहेब आबांना म्हणाले, "आणि तरी छप्पर अंगावर पडलं नाही. माझ्या सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदा." आणि मग मला विचारलं, "पाणी घेणार का?"

मंदाकिनीबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. नवऱ्याला फोन लावला होता. "ऐकलंत का," त्या जरा मोठ्यानंच सांगत होत्या, "माझी काही चूक नाही. हो, कोर्टानं लिहून दिलंय. काहीही चूक नाही." मग आम्ही दिसलो तसा फोन कानापासून बाजूला धरून त्यांनी इराला विचारलं, "म्हशी किती झाल्या गं?" इरानं चार बोटं दाखवली.

त्यानंतर मला अशी भूक लागली! स्टँडजवळ आम्ही भेळ घेतली, मी माझी संपवून रविराजांच्यातली खाल्ली. आबा म्हणाले, "अगं सावकाश, कोर्ट उठलंय आता." येताना जीपमध्ये गार वारा लागत होता, माझे डोळे मिटत होते, आणि घरी जाऊन आपल्याला काही लपवायचं नाही, काही आठवून ठेवायचं नाही, एवढ्या एका गोष्टीनं अंग सैल पडत चाललं होतं. दुतर्फा ऊस उभा होता. रविराज कुठलंतरी गाणं गुणगुणत होते, चाल साफ चुकवून. जवळजवळ दोन वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

पुलाच्या चढावर पुढं उसाची एक जोडट्रॉली रखडत चालली होती. जीप हळू झाली. इरा पाच वर्षांची झालीय आता, कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं सगळं कान देऊन ऐकलं होतं. ती माझ्या मांडीवर उभी राहिली आणि काचेतनं त्या ट्रॉलीकडं बघू लागली.

"आई, दगड ठेवला नसता तर ट्रॉली मागं आली असती?"

"आली असती."

"उसासकट?"

"उसासकट."

पुढची ट्रॉली करकरत वर चढत होती. इरा वळली, जीपच्या मागच्या काचेतनं खाली जाणाऱ्या रस्त्याकडं तिनं पाहिलं, आणि मग माझ्याकडं.

"मग तेव्हा आपल्या ट्रॉलीच्या मागं कोण होतं?"